छातीच्या ऑपरेशनआधी कंपनीची फाइल कोण मागतं?

‘पेशंटला रिस्क किती?’ पिंपरी-चिंचवडमधल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञांच्या खोलीबाहेर हा प्रश्न रोज विचारला जातो. शस्त्रक्रिया छातीची असली तर उत्तर बहुधा एका छापील कागदावर मिळतं, ज्याला सगळे ‘हाय रिस्क कन्सेंट’ म्हणतात. मुलगा किंवा भाऊ सही करतो, पेशंट आत जातो. हा धोका मोजला कशावरून, हे क्वचितच कुणी विचारतं. आत गेलेल्या माणसाने भोसरीच्या किंवा चाकणच्या कारखान्यात पंचवीस वर्षं नेमकं काय केलं, हे तर त्याहून क्वचित विचारलं जातं. या पट्ट्यात तरी तो प्रश्न पहिला हवा.

छाती उघडण्याची शस्त्रक्रिया फुप्फुसावर दोन बाजूंनी ताण आणते. ऑपरेशन चालू असताना अनेकदा एक फुप्फुस मिटवून ठेवतात आणि पेशंट दुसऱ्यावर श्वास घेतो. नंतर फासळ्यांमधला छेद दुखू लागतो. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो आणि खोकला दाबतो. कफ आतच साचतो, फुप्फुसाचा तळ मिटत जातो, तिथे जंतू वाढतात. पुढे न्यूमोनिया, ऑक्सिजनची गरज, कधी पुन्हा व्हेंटिलेटर. छातीतल्या नळीच्या बाटलीत बुडबुडे येत राहिले, म्हणजे फुप्फुसातून हवेची गळती थांबत नसली, की रुग्णालयातला मुक्काम वाढतो. शस्त्रक्रिया उत्तम झाली आणि पेशंट श्वासामुळे हातचा गेला, ही गोष्ट छातीच्या सर्जनला नवी नसते.

हा धोका आधीच ओळखता यावा म्हणून जगभर गुणांकनाच्या पद्धती तयार झाल्या. त्यातली सर्वांत परिचित पद्धत ‘अरिस्कॅट’. स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातल्या ५९ रुग्णालयांतल्या २,४६४ रुग्णांवरून ती बेतली गेली आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सात गोष्टींना गुण दिले जातात: वय, रक्तातला ऑक्सिजन, महिन्याभरात झालेला श्वसनमार्गाचा संसर्ग, रक्तक्षय, छेद कुठे, शस्त्रक्रिया किती तासांची आणि ती तातडीची आहे का. एकूण २६ पेक्षा कमी गुण म्हणजे धोका कमी, ४५ किंवा अधिक म्हणजे जास्त. मूळ अभ्यासात कमी धोक्याच्या गटातल्या दीड-पावणेदोन टक्के रुग्णांना श्वसनाचा त्रास झाला, जास्त धोक्याच्या गटात ४२ टक्क्यांना. बेरीज सोपी, पाच मिनिटांचं काम आणि हातात लगेच एक आकडा.

आता ही बेरीज छातीच्या शस्त्रक्रियेवर लावून पाहू. छातीतल्या छेदाला २४ गुण. शस्त्रक्रिया तीन तासांपेक्षा जास्त चालली तर २३. झाले ४७. म्हणजे बँकेत काम करणारा, कधी सर्दीसुद्धा न होणारा तिशीतला तरुणही फुप्फुसाचा मोठा भाग काढायला आला तर ‘हाय रिस्क’. त्याच्या शेजारच्या खाटेवर फाउंड्रीत फेटलिंग, म्हणजे कास्टिंग घासून साफ करण्याचं काम, केलेला ५४ वर्षांचा कामगार आहे असं समजा. ऑक्सिजन ९४, म्हणून ८ गुण, वयाचे ३. एकूण ५८. तोही ‘हाय रिस्क’. दोघांचा कागद एकच, सही एकच. सर्व प्रकारच्या शस्त्रक्रिया एकत्र चाळायला ही चाळणी चांगली असेल. छातीच्या वॉर्डात मात्र तिच्यात सगळेच अडकतात. आणि वाळू, धूळ, वेल्डिंगचा धूर, पेंट शॉपमधली रसायनं यांचा त्या सात रकान्यांत उल्लेखही नाही.

त्यात दोष कॅटलोनियाच्या डॉक्टरांचा नाही. त्यांनी त्यांच्याकडचे रुग्ण मोजले. पुढे युरोपातल्या २१ देशांत हीच पद्धत तपासली गेली, तेव्हा तिथल्या तिथेही भागागणिक तिची अचूकता कमी-जास्त भरली. मग ती भोसरीत जशीच्या तशी लागू पडेल असं का धरावं?

भोसरी, तळवडे, चिखली, चाकण, म्हाळुंगे या पट्ट्यातली फुप्फुसं वेगळी आहेत. मोटारींच्या मोठ्या कंपन्यांचे बोर्ड हमरस्त्यावरून दिसतात, पण त्यांना सुटे भाग पुरवणारी कास्टिंगची, ग्राइंडिंगची, मशीनिंगची लहान वर्कशॉप आतल्या गल्ल्यांत आहेत. साच्यातली वाळू फोडताना, शॉट ब्लास्टिंग करताना सिलिकाचे जे बारीक कण उडतात त्यातले डोळ्यांना न दिसणारेच खोल फुप्फुसात जातात. त्यांनी सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयाचा धोकाही कित्येक पटींनी वाढतो. कूलंटचा तुषार वर्षानुवर्षं श्वासात गेला तर काहींच्या फुप्फुसाला सूज येते, आणि पेंटमधल्या आयसोसायनेटमुळे चांगल्या धडधाकट माणसाला दमा लागतो.

शिवाय गावाकडची चूल आहेच. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहून दाखवलं की सीओपीडी हा फुप्फुसाचा जुनाट आजार केवळ सिगारेट ओढणाऱ्यांचा नाही, चुलीचा धूर, कामाच्या जागची धूळ, जुना क्षय यांनीही तो होतो. महाराष्ट्रात तंबाखूचं व्यसन मुख्यतः चघळण्याचं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले जेमतेम चार टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले. त्यामुळे ‘स्मोकर? नाही’ अशी खूण करून डॉक्टर पुढे सरकले तर निम्मी माहिती तिथेच सांडते. मराठवाड्यातून किंवा बिहारमधून आलेल्या कामगाराचं बालपण चुलीपाशी गेलेलं असतं, तरुणपण वाळूत. तो निर्व्यसनी असेलही. त्याचं फुप्फुस तसं असेल याची खात्री नाही.

छातीच्या शस्त्रक्रियेशी पिंपरीचा संबंध तसा जुना आहे, फक्त उलट्या बाजूने. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पिंपरीकरांची ही ‘एचए कंपनी’ आधी पेनिसिलिन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिन बनवू लागली. क्षयावर औषधं येण्याआधी सर्जन रुग्णाच्या फासळ्या काढून छाती खचवत, म्हणजे आतलं फुप्फुस मिटून ‘विश्रांती’ घेईल. औषधांनी ती शस्त्रक्रिया जवळपास संपवली. पण क्षय संपला नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश आजही भारतात आहेत. म्हणून पाश्चात्त्य देशांतला छातीचा सर्जन मुख्यतः कर्करोगाच्या गाठी काढतो, तर आपल्याकडच्या सर्जनपुढे क्षयाने पोखरलेलं फुप्फुस, छातीत साचलेला पू आणि त्यावर धरलेली जाड साल सोलण्याची कामंही मोठ्या संख्येने येतात.

इथे हिशेबाची दुसरी पद्धत अडखळते. फुप्फुसाचा भाग काढल्यावर किती श्वास उरेल, याचं एक जुनं सूत्र आहे. दोन्ही फुप्फुसांचे मिळून १९ भाग धरायचे, उजवीकडे दहा आणि डावीकडे नऊ. उजवा खालचा खंड काढायचा तर त्यातले पाच जातात. आधीची क्षमता ६० टक्के असेल तर ६० गुणिले १४ भागिले १९, म्हणजे सुमारे ४४ टक्के उरते. अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१३ ची मार्गदर्शक सूचना सांगते की उरणारी क्षमता ६० टक्क्यांच्या वर असेल तर काळजी कमी. ३० ते ६० च्या मधे असेल तर जिना चढवून किंवा चालवून पाहा. त्याखाली गेली तर व्यायाम करताना ऑक्सिजनचा वापर मोजणारी सविस्तर चाचणी करा.

सूत्र सुटसुटीत आहे, पण सगळे १९ भाग सारखंच काम करतात हे त्यात गृहीत धरलेलं असतं. जुन्या क्षयाच्या रुग्णाचा वरचा खंड आधीच निकामी झालेला असेल तर तो काढून तोटा जवळपास शून्य. सूत्र मात्र धोका फुगवून दाखवतं आणि ज्याची शस्त्रक्रिया व्हायला हवी तो परत पाठवला जातो. सिलिकोसिसच्या रुग्णाचं नेमकं उलट होऊ शकतं. काढलेला भाग तुलनेने बरा आणि उरलेला अधिक खराब असला, तर सूत्र दिलासा देतं आणि घात होतो. यावर उपाय माहीत आहेत. कुठल्या भागात किती रक्त फिरतं हे दाखवणारा स्कॅन करता येतो. रक्तात वायू किती शिरतो हे मोजणारी डीएलसीओ चाचणी करता येते. तिचं महत्त्व शिकागोच्या मार्क फर्ग्युसन यांनी १९८८ मध्येच दाखवून दिलं होतं. फुंकर नीट मारता येते म्हणून फुप्फुस नीट आहे असं नसतं, हे त्या चाचणीने कळतं. पण तिचं यंत्र महाग आहे आणि साध्या फुंकण्याच्या चाचणीइतकं ते सर्वत्र मिळत नाही.

जिन्याची चाचणी मात्र फुकट आहे. न थांबता २२ मीटर, म्हणजे साधारण सात मजले चढून गेलेल्या पेशंटला मोठ्या शस्त्रक्रियेचा धोका कमी धरतात. लिफ्टच्या रांगेत अर्धा तास उभं राहण्यापेक्षा हे बरं, असं कुणी म्हणालं तर त्यात तथ्य आहे.

फुंकण्याच्या चाचणीचाही एक घोळ आहे आणि तो पेशंटला कुणी समजावून सांगत नाही. या चाचणीच्या, म्हणजे पीएफटीच्या, कागदावर जे ‘टक्के’ छापून येतात ते कुणाच्या तुलनेत? यंत्रातल्या सॉफ्टवेअरमध्ये भरलेल्या सरासरीच्या. २०१२ च्या जागतिक समीकरणांत श्वेतवर्णीय, आफ्रिकी-अमेरिकी, ईशान्य आशियाई आणि आग्नेय आशियाई असे चार गट होते. भारतीयांचा स्वतंत्र गट नव्हता. त्यांना ‘इतर’मध्ये बसावं लागे. २०२२ मध्ये वंशाचा रकाना काढून टाकलेलं नवं समीकरण आलं. परिणामी तोच माणूस, तीच फुंकर, पण यंत्रात जुनं समीकरण असेल तर टक्का एक आणि नवं असेल तर दुसरा. अशा टक्क्याच्या भरवशावर कुणाला ऑपरेशन नाकारायचं आणि कुणाला आत घ्यायचं, हे ठरत असतं.

यातून सुटायचा एक मार्ग लंडनने पन्नास वर्षांपूर्वी दाखवला आहे. चार्ल्स फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ पासून पश्चिम लंडनमधल्या ७९२ कामकरी पुरुषांची श्वासाची चाचणी आठ वर्षं, दर सहा महिन्यांनी घेतली. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या आकड्याशी. वयाबरोबर फुप्फुसाची क्षमता सगळ्यांचीच थोडीथोडी घटते. पण काहींची ती भराभर घसरत होती आणि पुढे अडचणीत येणारे तेच होते. फ्लेचर आणि रिचर्ड पीटो यांनी १९७७ मध्ये काढलेला तो आलेख आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवतात. माणसाची तुलना त्याच्याशीच केली की युरोपीय सरासरी आणि भारतीय सरासरी हा वादच उरत नाही.

आणि असे आकडे पिंपरी-चाकणमध्ये पडून आहेत.

कारखान्यात दरवर्षी ‘मेडिकल’ होतं. कामगार ओएचसीत, म्हणजे कंपनीच्या आरोग्य केंद्रात रांगेत उभे राहतात. वजन, रक्तदाब, डोळे, ऑडिओमेट्री आणि धुळीच्या कामावर असतील तर पीएफटी. नर्स सांगते, ‘जोरात फुंका, अजून, अजून’, कागद निघतो, फाइलमध्ये लागतो. १९८७ च्या दुरुस्तीने कारखाना अधिनियमात आलेलं कलम ४१-सी धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांना कामगारांच्या आरोग्याच्या अद्ययावत नोंदी ठेवायला लावत होतं, वर्षातून किमान एकदा तपासणी करायला लावत होतं आणि त्या नोंदी कामगाराला पाहायला मिळाल्या पाहिजेत असं म्हणत होतं. अशा प्रक्रियांच्या यादीत फाउंड्री आणि शॉट ब्लास्टिंग यांची नावं आहेत. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेनेही मोफत वार्षिक तपासणीची आणि नोंदी पाहू देण्याची तरतूद ठेवली आहे. म्हणजे फ्लेचरला जे सहा-सहा महिन्यांनी माणसं गोळा करून करावं लागलं, ते इथे कायद्याने आपोआप होत असतं. फक्त ती फाइल ओएचसीच्या कपाटात असते आणि पेशंट संत तुकारामनगरच्या वायसीएम रुग्णालयात. दोघांची भेट होत नाही.

का होत नाही, याची कारणं वैद्यकीय नाहीत. सिलिकोसिस हा कायद्याने कळवण्याजोगा आजार आहे. निदान करणाऱ्या डॉक्टरला तो कारखाना निरीक्षकांना कळवावा लागतो, मागोमाग भरपाईचा प्रश्न येतो. घसरत जाणारा पीएफटीचा आलेख हा मालकाच्या दृष्टीने पुरावा असतो आणि पुरावा कपाटात बरा. कामगाराची भीती वेगळी, पण तिचं टोक तेच. रिपोर्ट खराब निघाला तर ‘अनफिट’चा शिक्का बसेल, ओव्हरटाइम जाईल, कदाचित गेट पासही. म्हणून तोही तो कागद घरी नेत नाही. दोघांच्या सोयीच्या या मौनाची किंमत पुढे ऑपरेशन टेबलावर चुकवली जाते, आणि ती एकट्या कामगाराला चुकवावी लागते.

कंत्राटी कामगारांचं तर विचारूच नका. काही महिने एका कंपनीत, मग ब्रेक, मग ठेकेदार नेईल तिथे दुसरीकडे. प्रत्येक गेटवर नवं ‘मेडिकल’, प्रत्येक वेळी आकडा पहिल्यापासून. वाळूत दहा वर्षं काढलेल्या माणसाची एकही फाइल सलग नसते. सरकारने २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू केलं आणि १४ अंकी आभा क्रमांक वाटले. हा क्रमांक वार्षिक तपासणीच्या कागदावर टाकून पीएफटीची नोंद त्याला जोडणं, ही ठेकेदारापेक्षा कामगाराच्या मागे जाणारी व्यवस्था ठरेल. नोंद कामगाराच्या संमतीनेच उघडावी आणि भरतीच्या वेळी ती मागायला बंदी असावी, एवढी अट मात्र आधी लिहून घ्यायला हवी. नाहीतर आलेख बिघडलेला माणूस गेटवरूनच परत जाईल.

आता या सगळ्यावर ‘एआय’ उतारा आहे, असं ऐकू येऊ लागलं आहे. हजारो रुग्णांची माहिती ओतायची, संगणक धोका सांगेल. सांगेलही. पण अमेरिकेत शेकडो रुग्णालयांत बसवलेलं सेप्सिसचा इशारा देणारं एक मॉडेल मिशिगन विद्यापीठाने स्वतःच्या २७ हजारांहून अधिक रुग्णांवर तपासलं, तर सेप्सिस झालेल्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश त्याने ओळखले. हा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. परक्या रुग्णांवर शिकलेला संगणक परक्या गुणपत्रिकेइतकाच आंधळा असतो. धुळीच्या कामाची वर्षं, क्षयाचा इतिहास आणि चुलीचा धूर कुठे नोंदलेलाच नसेल तर कितीही हुशार मॉडेलला तो दिसणार कसा?

वायसीएम, पिंपरीचं डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय, थेरगावचं आदित्य बिर्ला रुग्णालय, सांगवी फाट्याजवळचं औंधचं उरो रुग्णालय आणि चिंचवडच्या मोहननगरचं कामगार विमा रुग्णालय यांनी एक सामायिक नोंदवही ठेवली तर काही वर्षांत या पट्ट्याचं स्वतःचं गुणांकन बनू शकेल. कामाचा प्रकार, धुळीतली वर्षं, जुना क्षय, शस्त्रक्रियेआधीचे आकडे, नंतर काय झालं. एवढे रकाने पुरेत. ‘नंतर काय झालं’ याची व्याख्या मात्र सगळ्यांची एकच हवी. एकाने फक्त व्हेंटिलेटर मोजला आणि दुसऱ्याने साधा तापही, तर एकाचं रुग्णालय उगाच चांगलं आणि दुसऱ्याचं उगाच वाईट दिसेल. महापालिकेने पुढाकार घेतला तर याला वेगळी इमारत लागत नाही की टेंडर.

तोवर हातात असलेली साधनं तरी नीट वापरता येतील. अरिस्कॅटची बेरीज छातीच्या वॉर्डात निरुपयोगी ठरली तरी तिचे रकाने कामाची यादी म्हणून उत्तम आहेत. महिन्याभरात छातीत संसर्ग झाला असेल तर १७ गुण. शस्त्रक्रिया थांबवण्याजोगी असेल तर तारीख पुढे ढकला. हिमोग्लोबिन दहा किंवा कमी असेल तर ११ गुण. ते वाढवता येतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना कमी-अधिक रक्तक्षय आहे. चाकणच्या असेंब्ली लाइनवरच्या बाईला शस्त्रक्रियेआधी काही आठवडे लोहाचं औषध देणं, हे कुठल्याही महागड्या चाचणीपेक्षा मोलाचं आहे.

फिजिओथेरपीचंही तसंच. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ४४१ रुग्णांवरचा एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पोटाच्या वरच्या भागाच्या शस्त्रक्रियेआधी फिजिओथेरपिस्टने फक्त एकदा, अर्धा तास बसून श्वासाचे व्यायाम शिकवले, तर श्वसनाचा त्रास २७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आला. छातीच्या शस्त्रक्रियेला तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, पण दिशा स्पष्ट आहे. आपल्याकडे तीन रंगीत गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र बहुतेक पेशंट मेडिकलमधून विकत आणतात. त्यावर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात. अनेकजण ते उलटं वापरतात. नळीत जोरात फुंकतात, गोळ्या हलत नाहीत आणि यंत्र बिघडलंय म्हणून खाटेखाली ठेवून देतात. श्वास आत ओढायचा असतो, हे शुद्धीवर आल्यावर, दुखत असताना शिकवण्यापेक्षा आठ दिवस आधी घरी शिकवलं तर जमतं. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची, हेसुद्धा.

घरात कुणाच्या छातीच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल आणि तो माणूस कारखान्यात धुळीच्या कामावर असेल, तर त्याने कंपनीच्या ओएचसीत लेखी अर्ज देऊन गेल्या सगळ्या वर्षांच्या पीएफटीच्या प्रती मागाव्यात, अर्जाची पोच घ्यावी आणि त्या प्रती सर्जन व भूलतज्ज्ञ दोघांच्याही हातात द्याव्यात. धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराला त्या नोंदी पाहण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे.